टेकन ३ : आखाजीला आणि एरवीही विचारले जाणारे प्रश्न

अमळनेरला आमच्या घरी दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर पुजून, मांडे आणि आमरसाचं जेवण उरकलं की मागच्या खोलीत पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही लागतो. त्याच्यासमोर सतरंजी पडते. सुरतेहून, पुण्याहून, नाशिकहून आलेली भावंडं आणि मित्र टेकन ३ हा दोघांनी समोरासमोर लढायचा व्हिडिओ गेम खेळायला बसतात. शेजारच्या ओट्यावर पत्ते रंगलेले असतात आणि आमच्याकडे हे. नवे पाहुणे, जावई आणि आता मोठी झालेली भाचरं दरवर्षी तेच प्रश्न विचारतात. म्हणून या वेळी उत्तरं लिहूनच काढली.

हा खेळ कधीचा आणि कोणाचा?

जपानच्या नामको कंपनीचा. मार्च १९९७ मध्ये तो नाणं टाकून खेळायच्या मशीनवर आला आणि १९९८ मध्ये सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनवर, म्हणजे घरच्या टीव्हीला जोडायच्या यंत्रावर. 'तेक्केन' म्हणजे जपानीत लोखंडी मूठ. आपल्याकडे कोणी टेकन म्हणतं, कोणी टेक्कन.

नाण्याच्या मशीनमधला खेळ घरच्या यंत्रात बसवणं सोपं नव्हतं. प्लेस्टेशनची मुख्य मेमरी होती फक्त २ एमबी. आजच्या मोबाईलमधला एक साधा फोटोही त्याहून मोठा भरतो. बनवणाऱ्यांनी मागचे देखावे सपाट चित्रांवर आणले, पण लढणाऱ्या माणसांची हालचाल सेकंदाला ६० चित्रांच्या वेगानंच ठेवली. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. लढताना मागचं देऊळ कोण बघतो? समोरच्याचा खांदा हलला की नाही, ते बघायचं असतं.

तो अमळनेरसारख्या गावात पोचला कसा?

सुरत–भुसावळ लाइनीनं, असं म्हटलं तरी चालेल. सुरतेला कामाला गेलेल्या कोणाच्या तरी भावानं यंत्र आणलं, सोबत कॉपी केलेल्या सीड्या आणल्या. मग गावात व्हिडिओ गेमची दोन-तीन दुकानं निघाली. माझ्या आठवणीतलं दुकान म्हणजे अर्धं ओढलेलं शटर, कोपऱ्यात वाळ्याचा कूलर, तीन टीव्ही आणि बाकावर नंबर लावून बसलेली दहा-बारा पोरं. अर्ध्या तासाचे दहा रुपये. हरला त्यानं उठायचं, जिंकला तो बसून राहायचा. त्यामुळे चांगला खेळणारा दहा रुपयांत दुपारभर खेळे आणि नवखा दोन मिनिटांत बाकावर परत येई. 'चाल भो, उठ आते' हे वाक्य त्या दुकानात जितकं ऐकलं तितकं दुसरीकडे कुठेच नाही.

पुढे कॉम्प्युटरवर प्लेस्टेशनची नक्कल करणारे एम्युलेटर आले. सायबर कॅफेत पाटी इंटरनेटची असे आणि आत एकाच कीबोर्डवर दोघं जण टेकन खेळत. डावीकडच्याचा हात उजवीकडच्याच्या कोपराला लागायचा.

भारनियमनाचे ते दिवस. निर्णायक राउंड चालू असतानाच वीज जायची आणि टीव्हीच्या मध्यभागी एक पांढरा ठिपका विझत जायचा. मग कोण जिंकलं असतं यावर अंधारात तासभर वाद. अशा काही राउंडचा निकाल आजही लागलेला नाही, आणि आखाजीला तो विषय निघतोच.

पंचवीसहून जास्त वर्षं झाली. अजूनही हाच का खेळता?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. 'जुन्या आठवणी' हे उत्तर मला पटत नाही. त्या काळातले इतर कितीतरी खेळ आठवणीत आहेत, पण ते लावले तर दहा मिनिटांत कंटाळा येतो. याचा येत नाही. त्याचं कारण खेळाच्या घडणीत आहे.

रिमोटवर, म्हणजे हातात धरून खेळायच्या कंट्रोलरवर, मारायची बटणं चार. चौकोन म्हणजे डावा हात, त्रिकोण उजवा हात, फुली डावा पाय, गोल उजवा पाय. बस. १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ मध्ये मारायची बटणं सहा होती, आणि ती फटक्याच्या जोरावर ठरायची : हलका, मध्यम, जोराचा. टेकननं १९९४ च्या पहिल्या भागापासून बटणं शरीरावर बसवली. त्यामुळे शिकवावं लागत नाही. माझ्या लहान भाच्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, 'मामा, हा माझा कोणता पाय?' मी सांगितलं आणि तो खेळायला लागला. बोट दाबलं की पाय हलतो, हे शरीराला आपसूक कळतं.

आता दुसरी बाजू. शिकायला दोन मिनिटं लागतात, पण शिकून कधीच संपत नाही. प्रत्येक फटका वरचा, मधला किंवा खालचा असतो. वरचा फटका खाली बसलं की डोक्यावरून जातो. मधला फटका बसलेल्याला लागतो. खालचा अडवायचा तर बसूनच अडवावा लागतो. म्हणजे उभं राहावं की बसावं, हा प्रश्न क्षणोक्षणी समोर असतो आणि त्याचं एकच बरोबर उत्तर कधीच नसतं. डोळ्यांनी पाहून हात हलायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात पडद्यावरून १५ चित्रं निघून गेलेली असतात आणि बरेच फटके त्याच्या आधीच येऊन पोचतात. मग पाहून अडवता येत नाही, ओळखून अडवावं लागतं. हा माणूस आता काय करणार, याचा अंदाज घ्यावा लागतो.

म्हणून खरा खेळ पडद्यावर नसून शेजारी मांडी घालून बसलेल्या माणसात असतो. माझा चुलतभाऊ घाबरला की सलग दोन खालच्या लाथा मारतो. वीस वर्षं मारतोय. त्यालाही ते ठाऊक आहे, मला ठाऊक आहे हेही त्याला ठाऊक आहे, म्हणून कधी कधी तो एक खालची मारून दुसरी मधली मारतो आणि मी खातो. यंत्राला हरवायचं असतं तर हा खेळ केव्हाच संपला असता. माणूस दरवर्षी थोडा बदलून येतो, म्हणून खेळही नवा राहतो.

तिसरी गोष्ट लहान आहे, पण महत्त्वाची. आधीच्या दोन भागांत उड्या फार उंच असायच्या, माणसं फुग्यासारखी तरंगायची. तिसऱ्यात त्या जमिनीवर आणल्या. शिवाय वरची किंवा खालची कळ अलगद टेकवली की बाजूला सरकायची सोय सगळ्यांना दिली. समोरून आलेला फटका अडवायच्या ऐवजी त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचं. तोवर मागे-पुढे चालणारी लढाई यामुळे गोल रिंगणात आली.

म्हणजे कुस्तीसारखंच की!

बरंचसं. आमचे आजोबा तरुणपणी लाल मातीतले. त्यांना टीव्हीवरची मारामारी आवडायची नाही, पण किंग दिसला की ते खुर्ची पुढे ओढत. किंग म्हणजे जॅग्वारचा मुखवटा घालणारा मेक्सिकोचा पैलवान. त्याच्याकडे पकडींची साखळी आहे. एक पकड लागली की तीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. आजोबा बघून कुस्तीतल्या डावाचं नाव घेत म्हणायचे, 'ही तर मोळी बांधली.' किंग समोरच्याचे पाय धरून गरागरा फिरवून फेकतो तेव्हा ते म्हणायचे, 'हा डाव नाही, ही गोफण आहे.'

आजोबांनीच मला या खेळातली सगळ्यात उपयोगी गोष्ट शिकवली, रिमोट हातात न घेता. ते म्हणाले, पकड बसल्यावर धडपडून उपयोग नसतो, बसत असतानाच सुटावं लागतं. टेकनमध्ये अगदी तसंच आहे. पकड लागली की क्षणभर संधी असते. योग्य बटण दाबलं तर सुटता, चुकलं तर आदळता. आणि योग्य बटण कोणतं ते पकडीवर ठरतं, म्हणून समोरच्याचा हात नीट बघायचा. किंगच्या साखळीत तर प्रत्येक कडीला असं सुटायचं दार आहे. ते माहीत नसलेला माणूस रिमोट खाली ठेवून बघत बसतो.

नुसती बटणं बडवून जिंकता येतं का?

येतं. एडी गोर्डो घ्या आणि दोन लाथांची बटणं दाबत राहा. एडी ब्राझीलचा, त्याची विद्या कापोएरा, म्हणजे नाचासारखी फिरत, हातांवर उभं राहून मारायची लाथांची विद्या. त्याच्या हालचाली कापोएराच्या एका खऱ्या गुरूच्या अंगावरून टिपलेल्या आहेत. त्यामुळे कसंही दाबलं तरी काहीतरी देखणं आणि गोंधळात टाकणारं निघतं.

दुकानात एडी घेणाऱ्याला 'चीटिंग' म्हणायचे. मी म्हणणार नाही. एडीमुळेच नवख्या पोराला पहिला विजय मिळायचा आणि ते दुसऱ्या दिवशी परत यायचं. नवख्याला आशा लावणारा असा एक तरी गडी खेळात हवा.

त्याला हरवायचं कसं, तेही सांगतो. घाबरून मागे सरकू नका. त्याची खालची लाथ बसून अडवा आणि उठता उठता मारा. एवढं जमलं की बडवणारा एडी तीन राउंडांत संपतो. त्यानंतर समोरच्याला एडी खरंच शिकावा लागतो, आणि शिकलेला एडी फार सुंदर दिसतो.

पहिल्यांदा कोणता खेळाडू घ्यावा?

पॉल फिनिक्स. उभ्या केसांचा, ज्युदोवाला. त्याचा एक ठोसा इतका जोरात लागतो की चार-पाच नीट बसले तर राउंड संपतो. त्यावरून वेळ साधणं म्हणजे काय ते कळतं. लाथा आवडत असतील तर ह्वारांग, कोरियाचा तायक्वांदोवाला. हाताचा वेग हवा असेल तर फॉरेस्ट लॉ, ज्याच्यावर ब्रूस लीची छाप उघड दिसते. जिन काझामा सगळ्यांना आवडतो, पण तो मेहनत मागतो.

मोकुजिन मात्र सुरुवातीला घेऊ नका. तो लाकडाचा पुतळा आहे, त्याची स्वतःची विद्या नाही. दर राउंडला तो दुसऱ्या कोणाची तरी विद्या घेतो. ती कोणाची, हे त्याच्या उभं राहण्यावरून ओळखायचं असतं. आमच्यात ज्याला सगळे खेळाडू येतात तोच मोकुजिन घेतो.

दहा फटक्यांची माळ पाठ करावी का?

करा, बोटांना वळण लागतं. पण तिच्यावर विसंबू नका. माळ ठरलेली असते, म्हणून समोरच्यालाही ती पाठ होते. तिसऱ्या-चौथ्या फटक्याला तो खाली बसेल आणि वर येताना तुम्हाला उचलेल. जाणत्या माणसाविरुद्ध माळ अर्ध्यावर सोडून द्यायची आणि तो बसला असेल तिथे मधला फटका घालायचा. माळेचा खरा उपयोग तिथे आहे.

लपलेले खेळाडू कसे उघडतात?

वेगवेगळे खेळाडू घेऊन आर्केड प्रकार, म्हणजे यंत्राविरुद्ध एकामागून एक लढती जिंकत जायचा प्रकार, पुन्हा पुन्हा पूर्ण करा. एकेक जण उघडत जातो : कुमा अस्वल, ज्युलिया, गन जॅक, मोकुजिन, अॅना, ब्रायन, हेइहाची, ओगर. प्रत्येकाची शेवटची चित्रफीतही मिळते. डॉक्टर बॉस्कोनोविच हवा असेल तर टेकन फोर्स हा चालत चालत गुंडांशी लढायचा प्रकार चार वेळा पार करावा लागतो. चेंडूच्या खेळातून गॉन मिळतो, एका जपानी चित्रकथेतला छोटा डायनासोर. तो नाण्याच्या मशीनवर नव्हता, फक्त घरच्या खेळात आहे.

हे सगळं मेमरी कार्डात राहतं. कार्डाची जागा १२८ केबी, त्यात १५ कप्पे. २००४ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघांनी मिळून सगळे खेळाडू उघडले होते. पुढे कोणीतरी दुसऱ्या खेळासाठी जागा हवी म्हणून आमचा कप्पा पुसला. कोणी पुसला ते आम्हाला माहीत आहे. त्याला आम्ही सगळं पुन्हा उघडायला लावलं. तो अकरा दिवस बसला आणि त्या अकरा दिवसांत आमच्यातला सगळ्यात चांगला खेळाडू झाला.

गोष्ट काय आहे?

जिनची आई जुन ओगर नावाच्या प्राचीन युद्धदेवाच्या हल्ल्यात नाहीशी होते. जिन आजोबांकडे, म्हणजे हेइहाचीकडे जातो, चार वर्षं विद्या शिकतो आणि स्पर्धेत उतरतो. हेइहाचीला मात्र तो ओगरसाठी आमिष म्हणूनच हवा असतो. पॉल ओगरला पाडतो आणि आपण जिंकलो समजून घरी जातो. ओगर खऱ्या रूपात पुन्हा उठतो, त्याला जिन संपवतो, आणि लगेच आजोबाच नातवावर गोळ्या झाडायला लावतो. आमच्या आजोबांना हा शेवट दाखवला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी एवढंच विचारलं, 'मग पोरगं वाचलं का?' वाचलं. पुढचे भाग त्यावरच उभे आहेत.

मुली खेळतात का?

आमच्याकडे सगळ्यात जास्त जिंकते ती माझी बहीण. दुकानात मुली जायच्या नाहीत, त्या काळात कोणी जाऊच दिलं नसतं. ती घरी शिकली, आम्ही शाळेत असताना, सरावाच्या प्रकारात एकटी बसून. तिची खेळाडू लिंग शाओयू, सोळा वर्षांची पोरगी. शाओयू समोरच्याकडे पाठ फिरवून उभी राहते आणि तशीच मारते. पाठ दिसली की पुरुषमाणूस पुढे धावतोच, असं बहीण म्हणते. तेवढ्यात ती खाली बसून वळते आणि राउंड संपतो.

लग्नानंतर ती शिरपूरला गेली. आखाजी लेकींचा सण आहे. झोके, गौराईची गाणी, चार दिवस माहेरचं आवार. तिच्या आखाजीत शाओयूही असते. दोन वर्षांपूर्वी भाऊजी तिच्यासमोर बसले आणि सलग सात वेळा उठले. या वर्षी त्यांनी स्वतःचा रिमोट आणला होता.

मोबाईलवर खेळता येईल का?

टेकन ३ मोबाईलसाठी अधिकृतपणे कधी निघालाच नाही. त्यामुळे त्या नावानं मिळणारं कोणतंही अॅप कोणीतरी परस्पर बनवलेलं आहे हे लक्षात ठेवा. खेळण्यासाठी ते अॅप कॉन्टॅक्ट, मेसेज वाचायची परवानगी मागत असेल तर ताबडतोब काढून टाका. मारामारीच्या खेळाला तुमच्या बँकेचे मेसेज कशाला हवेत? भाच्यांच्या फोनमधून मी अशी अॅपं काढलेली आहेत.

काचेवरची बटणं बोटाला लागत नाहीत, ही वेगळी अडचण. बाजूला सरकायचं म्हणून कळ टेकवावी तर गडी उडीच मारतो.

मोठ्या एलईडी टीव्हीवर लावलं तर फटके उशिरा का बसतात?

जुनं यंत्र नव्या टीव्हीला जोडलं की टीव्ही आधी ते चित्र मोठं करत बसतो आणि मग दाखवतो. त्यात काही चित्रांचा उशीर होतो. एक चित्र म्हणजे सेकंदाचा साठावा भाग, पण पाच-सहा चित्रं गेली की पकडीतून सुटायची वेळ निघून जाते. टीव्हीत 'गेम मोड' असेल तर तो चालू करा, फरक पडतो. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत हा उशीर नसतोच. म्हणून आमचा टीव्ही भंगारात गेलेला नाही.

वेगाबद्दल आणखी एक. २०१८ मध्ये सोनीनं २० खेळ आत भरलेला छोटा प्लेस्टेशन काढला, त्यात टेकन ३ होता. पण तो युरोपातली ५० चित्रांची आवृत्ती होती. मित्रानं पुण्याहून आणला होता. पहिल्याच राउंडला सगळ्यांचे हात चुकायला लागले. पडद्यावर काय बिघडलंय ते कोणाला दिसेना, बोटांना मात्र लगेच कळलं.

नवे भाग वाईट आहेत का?

अजिबात नाही. जानेवारी २०२४ मध्ये आलेला टेकन ८ फार देखणा आहे. आपल्या भागातल्या मुलांनी तर नवे भाग आवर्जून बघावेत. लाहोरच्या अर्सलान अॅशनं २०१९ मध्ये टेकन ७ ची इव्हो, म्हणजे अशा मारामारीच्या खेळांची मोठी जागतिक स्पर्धा, एकाच वर्षी जपानमध्येही जिंकली आणि अमेरिकेतही. तोही आपल्यासारख्याच गल्लीतल्या गेमच्या दुकानांत तयार झालेला. जग कोरिया-जपानकडे बघत होतं तेव्हा तो आला. त्याची अंतिम लढत आम्ही रात्री जागून पाहिली.

पण नव्या भागांत एकेका खेळाडूचे फटके शंभराच्या वर गेलेत, शिवाय राग, हीट असे वेगळे नियम आहेत. वर्षातून चार दिवस भेटणाऱ्या माणसांना एवढं शिकायला सवड नसते. टेकन ३ वर्षभर बाजूला ठेवला तरी हात विसरत नाहीत.

लहान मुलांना खेळू द्यावं का?

खेळात रक्त नाही, ठिणग्या आहेत. मी आठ-नऊ वर्षांच्या मुलांना मोठ्यांच्या शेजारी बसून खेळू देतो, अर्धा तास. एकट्याला देत नाही.

आखाजीच्या सामन्याचे नियम काय?

दोन राउंड जिंकेल तो जिंकला. हरेल त्यानं उठायचं, वय किंवा नातं बघायचं नाही. सलग तीन जिंकणाऱ्यानं खेळाडू बदलायचा. मधेच पॉज केलं तर राउंड गेला, पाणी प्यायचं असेल तर आधी प्यायचं. वीज गेली तर राउंड पुन्हा, आणि दोघांनी तेच खेळाडू घ्यायचे. घरातली मोठी माणसं खोलीत आली तर त्यांना पुढची जागा. खुर्ची आजोबांची आहे. ते गेल्यालाही आता सहा वर्षं होतील. सतरंजीवर कितीही दाटी झाली तरी त्या खुर्चीवर त्या दिवशी कोणी बसत नाही.

मी येऊ का?

या. दुपारी तीननंतर, जेवून. मे जवळ आलेला असतो, पारा पंचेचाळीसकडे गेलेला असतो, तेव्हा डोक्याला रुमाल बांधून या. रिमोट आमच्याकडे चार आहेत, त्यातल्या एकाचा त्रिकोण जरा दाबून मारावा लागतो. तो नव्या पाहुण्याला द्यायचा नाही, हाही नियम आहे.